तुमची सायकल दाखवा, गंजासकट चालेल

कृष्णाकाठ

राम राम मंडळी,

घराची कौलं उतरवायची म्हणून माळा रिकामा केला, तर बारदानाखाली आजोबांची सायकल निघाली. आजोबा कराडच्या कोर्टात बेलीफ. समन्स, नोटिसा, जप्तीची वॉरंटं घेऊन तालुकाभर फिरायचे ते हिच्यावरच. सायकल लांबून ओळखू यायची, त्यामुळे आजोबा गावात शिरायच्या आत बातमी शिरायची आणि ज्याच्या नावाचं समन्स असेल तो गडी उसात पसार. आजोबा पाठलाग वगैरे करायचे नाहीत. बांधाला सायकल स्टँडवर लावायची, चंची सोडायची आणि तंबाखू मळत बसायचं. उसात माणूस बसून बसून किती बसणार? आत उकडतं, पाचट कापतं, मुंग्या चढतात. शेवटी गडी बाहेर येऊन सही करायचा आणि वर आजोबांना घरी नेऊन चहा पाजायचा. (आजोबांनीच सांगितलेलं आहे, तेव्हा तिखटमीठ आपापल्या अंदाजाने कमी करून घ्या.)

सायकलची अवस्था अशी: काळा रंग निम्माशिम्मा शिल्लक. पुढच्या नळीवरचा कंपनीचा बिल्ला गायब, त्याची दोन भोकं तेवढी आहेत. रॉडचे ब्रेक. फुल चेनकव्हर, पण चेपलेलं. चामड्याची सीट वाळून पन्हाळीसारखी वळलीये. मागच्या चाकाच्या आसातून एक बारीकशी साखळी बाहेर लोंबते, ती कशासाठी हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

प्रश्न दोन. ही कुठल्या कंपनीची? काका म्हणतात रॅले, आत्या म्हणते हिंद. आणि दुसरा, हिचं करू काय? गावातला फॅब्रिकेशनवाला म्हणतोय, "सोडा माझ्याकडं, सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग मारतो, कोरी करून देतो." हो म्हणवत नाही आणि नाही पण म्हणवत नाही.

या निमित्ताने तुमच्याही सायकली काढा बाहेर. चालू, बंद, विकलेली, चोरीला गेलेली, कुठलीही. फक्त किंमत आणि वजन सांगू नका, त्याची हाणामारी शेजारच्या धाग्यावर आधीच सुरू आहे.

चेन_पडली

पहिला! फोटो दिसत नाहीयेत.

कृष्णाकाठ

शेअरिंग बदललं, आता बघा.

छर्रे_आणि_ग्रीस

दिसले. पुढून काढलेला फोटो मोठा करून बघितला. चिमट्याचा (पुढचं चाक धरतो तो) प्रत्येक पाय एका नळीचा नाही, दोन बारीक नळ्या शेजारी शेजारी आहेत. असा दुहेरी चिमटा हंबर या इंग्लिश कंपनीचा. काकांना अर्धे मार्क द्या, कारण हंबर १९३२ पासून रॅलेच्याच ताब्यात होती.

पण नुसत्या चिमट्यावर निकाल देऊ नका. सायकल समोरून धडकली की आधी चिमटा वाकतो, आणि दुकानदार हाताशी असेल तो बसवून मोकळा होतो. आमचं नगरला दुकान होतं, वडिलांनी असे कितीतरी संकर जन्माला घातलेत. पक्कं करायचं असेल तर चेनकव्हर उतरवा आणि आतलं मोठं चक्र बघा. इंग्रज लोक चक्राच्या पोटात कंपनीची खूण कापून ठेवायचे. रॅलेच्या चक्रात बगळा, रजच्या चक्रात हाताचा पंजा, हंबरच्या चक्रात छोटी छोटी माणसं.

आणि ती साखळी गिअरची आहे! मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा दिसतोय. हबच्या पाठीवर रॉकेलचा बोळा फिरवा. एडब्ल्यू अशी अक्षरं आणि जवळच दोन आकडे निघतील. ते आकडे म्हणजे हब बनल्याचं साल. अजून एखादा आकडा असेल तर तो महिना.

पावडर कोटिंगवाल्याला तूर्त थांबवा. कारण नंतर लिहितो, आता पोरीला क्लासला सोडायचंय.

लोखंडीबाणा

भाऊ, थांबवू नका, मारूनच टाका कोटिंग. माझ्या बाबांची अ‍ॅटलास मी मागच्या वर्षी केली, फोटो खाली आहे. संत्र्याचा रंग, नागपूरचा माणूस दुसरा कुठला देणार? रिमा नव्या, मडगार्ड नवे, चेन नवी. दर थंडीत रामटेकला घेऊन जातो. लोकं थांबवून इचारतात, कुठून घेतली म्हणून. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला, तोही नेमका ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनाला! आता कंपनी येऊन मला विचारणार थोडीच आहे की बाबू, ओरिजिनल रंग कुठाय? सायकल चालवायची वस्तू आहे. पूजा करायला घरात देव आहेत की.

डबलसीट

लोखंडीबाणा, रंग झक्कास आहे, पण टाकी लावली तर सिलिंडरवाल्याची वाटेल. ह.घ्या. (हलके घ्या)

माझी सायकल खरं तर आईची. आई मिरजेला नर्स होती, रात्रपाळीला सायकलनेच जायची. लेडीज फ्रेम, काळी, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी साडी अडकू नये म्हणून जाळी. ती जाळी दोऱ्याची होती. मडगार्डच्या कडेला ओळीने बारीक भोकं, त्यांतून दोरा ओवून आसाजवळच्या पट्टीपर्यंत आणायचा. दोरा कुजला की आई स्वतः बसून नवा ओवायची, क्रोशाचं काम सुंदर असल्याने तिला ते फार आवडायचं. एकदा तिने पांढऱ्याऐवजी लाल दोरा घातला आणि वॉर्डातल्या मावश्यांनी लगेच आपापल्या सायकलींना ऑर्डरी दिल्या.

मला लहानपणी पोलिसांची भीती वाटायची ती दिव्यामुळे. डायनॅमो टायरला टेकवला की सायकल जड होते, म्हणून सगळे तो उचलून ठेवायचे आणि चौक जवळ आला की पायानेच खाली पाडायचे. ज्याचा दिवा नाही त्याच्या चाकाचा वॉल हवालदार काढून घ्यायचा. पुढे मग हातात सायकल धरून पायी. नगरपालिकेचा पितळी बिल्लाही असायचा, दरवर्षी नवा. आईने ते सगळे एका डब्यात जपून ठेवलेत, आकार दरवर्षी वेगळा. कृष्णाकाठ, तुमच्या माळ्यावर तसले बिल्ले असतील तर तेही शोधा.

आणि माझं मत विचाराल तर सायकलला हात लावू नका. पुसा, तेल द्या, बास.

चेन_पडली

डबलसीट हे नाव घेऊन पोलिसांच्या गोष्टी सांगताय, धाडस आहे. डबलसीट पण गुन्हाच होता ना तेव्हा?

डबलसीट

होता ना. म्हणून तर चौकाच्या अलीकडे उडी मारून उतरायचं, चौक चालत पार करायचा आणि पुन्हा पळत येऊन कॅरियरवर बसायचं. धावत्या सायकलवर एका बाजूने बसणं ही विद्या आता लोप पावली.

घाटाचा_शिपाई

वा, मस्त धागा. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

माझी पहिली सायकल बीएसए एसएलआर. आमच्या पुण्यात कॉलेजच्या पोरांत एसएलआर म्हणजे काय तोरा होता! हँडल उलटं फिरवून शर्यतीच्या सायकलीसारखं खाली करायचं, मडगार्ड काढून टाकायचे आणि पहिल्या पावसात पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन वर्गात जायचं. मुंबई-पुणे शर्यत बघायला आम्ही खंडाळ्याच्या घाटात जाऊन बसायचो. पुण्यात शर्यत कोण जिंकतो यापेक्षा आम्हाला 'घाटाचा राजा' कोण होतो यात रस. घाटात जो पहिला वर येईल त्याला तो किताब. वळणावर माणूस दिसायच्या आधी श्वास ऐकू यायचा, आणि शिंग्रोबाच्या देवळाजवळ लोक बादल्या भरभरून पाणी ओतायचे अंगावर.

सध्याची सायकल पोलादी टूरिंग, सर्ली कंपनीची. हिच्यावर ब्रेव्हे करतो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, ही शर्यत नसते, ठरलेल्या वेळेत अंतर संपवायचं असतं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. चारही एका हंगामात केली की सुपर रॅन्डोनर म्हणतात. रात्री दोन वाजता हायवेवरच्या टपरीत हेल्मेट घातलेली, डोळे तांबारलेली माणसं पोहे खाताना दिसली तर घाबरू नका, आम्हीच असतो.

कोटिंगच्या वादात माझं मत लोखंडीबाणांच्या बाजूने. ज्या सायकलवर विश्वास ठेवून घाट उतरायचा, तिचा प्रत्येक भाग मला ठणठणीत हवा. भावना बाजूला.

छर्रे_आणि_ग्रीस

आलो. आता कारणं.

एक, सँडब्लास्टिंग. या जुन्या नळ्या जिथे एकमेकींत बसतात तिथे वरून लोखंडी जोड असतो, त्याला नक्षीदार कडा असते. आतून गंज लागून नळी कुठे पातळ झालीय ते बाहेरून कळत नाही. वाळूचा मारा बेतानं करणारा हात हवा. गेट आणि ग्रिल करणाऱ्या माणसाकडे तो असेलच असं नाही.

दोन, फ्रेमचा नंबर. सीटखालच्या जोडाजवळ ठोकलेला असतो. पावडरचा थर जाड बसतो, भट्टीत वितळून सगळीकडे सारखा पसरतो, आणि जोडांच्या कडा, नंबर, सगळं गुळगुळीत होऊन जातं.

तीन, आणि हे महत्त्वाचं. काळ्या रंगाखाली सोनेरी रेघा असू शकतात. त्या काळी मडगार्डवर, चेनकव्हरवर हाताने रेघ ओढायचे. धूळ आणि तेलाच्या थराखाली त्या अजून जिवंत असतात. कोटिंग मारलं की संपलं.

गंज काढायचा, रंग नाही. क्रोमच्या भागावर जेवणाच्या डब्याची फॉइल पाण्यात बुडवून घासा. साधं पाणी पुरतं, आणि क्रोमला ओरखडा पडत नाही. रंगावर आधी रॉकेलचं ओलसर फडकं, ते पण आधी खालच्या बाजूला कुठेतरी लावून बघायचं, रंग सुटतोय का. फार गंजलेले सुटे भाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवून ठेवतात, पण त्याला हातमोजे हवेत आणि घरात लहान पोरं असतील तर तो उद्योग नको.

घाटाचा शिपाई, तुमचं बरोबर आहे, पण ती वेगळी सायकल. बेलीफसाहेबांची सायकल ६०० किलोमीटरला कोण नेतोय?

घाटाचा_शिपाई

का नाही नेणार? १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले होते. त्यातले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा, १८ मार्च १९२८ ला पूर्ण पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. ४४,००० मैल, म्हणजे सुमारे ७१,००० किलोमीटर. वाळवंटं, जंगलं, सगळं. तेव्हा कुठे होता कार्बन आणि कुठे होती जेलची सीट? आणि आपण २०० ची ब्रेव्हे मारून तीन दिवस जिना उतरताना कठड्याला धरतो.

लोखंडीबाणा

आमच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ विसरू नका. २०१७ ला रेस अक्रॉस अमेरिका (रॅम) एकट्यानं पूर्ण केली. त्याच वर्षी ले. कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ पण. त्याच्या आधी २०१५ ला नाशिकचे महाजन बंधू, दोघांच्या टीममध्ये. एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जवळपास ४,८०० किलोमीटर, एकट्यानं जाणाऱ्याला मुदत बारा दिवसांची. झोपायचं कधी बे?

चेन_पडली

धागा रॅममध्ये गेला. परत माळ्यावर या, लोकहो.

वस्त्रनगरी

इचलकरंजीहून हजेरी.

आमच्या लहानपणी पाळी सुटली की गल्लीत सायकलींचा पूर यायचा. मागांचा खडखडाट थांबायचा नाहीच, पण त्यावर घंट्यांचा आवाज चढायचा. सगळ्यांच्या सायकली काळ्या, सगळ्या बावीस नाहीतर चोवीस इंची, एका ओळीत शंभर उभ्या. मग ओळखायची कशी? कुणी हँडलच्या टोकाला सुताची रंगीत झिपरी बांधायचा, कुणाच्या सीटवर रेक्झिनचं झालरवालं कव्हर, कुणाच्या मागच्या मडगार्डावर 'आई अंबाबाई प्रसन्न'. आमच्या वडिलांच्या सायकलच्या हँडलला मधोमध एक प्लास्टिकचं गुलाबाचं फूल होतं. रंग उडून ते पार पांढरं झालं तरी बदललं नाही.

त्या सायकलवर काय काय जायचं! सुताचे बाचके, कापडाचे तागे, दुधाच्या किटल्या, गॅसचं सिलिंडर. एकदा शेजाऱ्यांनी कपाट नेलेलं पाहिलंय. एकाने हँडल धरलं, दोघांनी कपाट धरलं, आणि सायकलवर बसलं कुणीच नाही.

मी शिकलो ती नळीखालून पाय घालून, हाफ पायडल. सीट डोक्याच्या वर, एक हात हँडलवर, दुसरी बगल नळीवर, आणि शरीर सगळं एका बाजूला लोंबतंय. त्या अवस्थेत ब्रेक दाबायला हातच उरायचा नाही. थांबायचं म्हणजे वाळूचा ढीग शोधायचा.

छर्रे_आणि_ग्रीस

हाहा. वाळूच्या ढिगावरून आठवलं. आमच्या दुकानात छोट्या सायकली तासाने भाड्याने मिळायच्या. वहीत नाव, वेळ, आणि कुणाचा मुलगा. वडिलांचं नाव माहीत नसेल तर सायकल नाही. उशीर झाला तर पोरं दुकानाच्या कोपऱ्याशी येऊन चेन मुद्दाम पाडायची आणि "काका, चेन सारखी पडत होती" म्हणून भाडं कमी करायला लावायची. वडील काही बोलायचे नाहीत, हात बघायचे. चेन सारखी बसवणाऱ्या पोराचे हात कोपरापर्यंत काळे असतात. ह्यांच्या फक्त दोन बोटांना ग्रीस.

चेन_पडली

माझं सदस्यनाम कुठून आलं ते आता सगळ्यांना कळलं. धन्यवाद.

म्हापसेकर

गोव्यातून. आमच्या वाड्यावर पोदेर, म्हणजे पाववाला, येतो तो अजून सायकलवर. मागे कॅरियरला बांबूची मोठी पाटी, वर निळं प्लास्टिक, आणि हँडलला रबरी भोंगा. सकाळी पों पों ऐकलं की कुत्री आधी धावतात, मग माणसं. पाटी इतकी रुंद की त्याला मागे वळून बघता येत नाही, तरी कुठल्या घराला उंडे किती आणि पोळ्या किती (दोन्ही पावाचेच प्रकार) हे न थांबता माहीत. आता बरेच पोदेर स्कूटरवर आले. भोंगा मात्र तोच काढून स्कूटरला लावतात. त्याच्याशिवाय गिऱ्हाईक दार उघडत नाही.

माझी स्वतःची सायकल सांगण्यासारखी नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेनं सगळ्यांची तीच गत होते. कृष्णाकाठ नशीबवान, कराडच्या माळ्यावर होती म्हणून एवढी तरी राहिली. आमच्याकडे एवढ्या वर्षांत फक्त घंटी उरली असती.

उत्रेख्तवासी

इथे नेदरलँड्समध्ये असल्या काळ्या, उंच, फुल चेनकव्हरच्या सायकली आजही रोज चालतात, पोरीबाळी त्यांच्यावरून कॉलेजला जातात. फरक एवढाच की ब्रेक पायात आहे, पेडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. पहिल्या दिवशी सवयीने पेडल मागे फिरवलं आणि भर रस्त्यात गचकन उभा राहिलो. मागून आलेल्या आजीबाई जे बोलल्या ते डच भाषेत होतं, पण कळलं.

स्टेशनखाली सायकलतळ आहे, साडेबारा हजार सायकलींचा. तिथे वस्त्रनगरीवाल्यांचा प्रश्न मला रोज पडतो. मी हँडलला केशरी चिंधी बांधलीये. दुर्दैवाने केशरी हा यांचा राष्ट्रीय रंग निघाला, फुटबॉलची मॅच असली की माझी खूण फुकट जाते.

गंजाबद्दल: इथे मुद्दाम गंजकी सायकल ठेवतात. चकचकीत केली की दुसऱ्या दिवशी गेली समजा. त्यामुळे माझं मत डबलसीट यांच्या बाजूने, कारण वेगळं.

सातपुडा_मास्तर

सगळ्यांचं वाचलं. इतिहासाच्या सायकली छान आहेत, मी चालू काळातल्या सांगतो.

मी नंदुरबार जिल्ह्यात शिक्षक आहे. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. ज्या दिवशी वाटप असतं त्या दिवशी शाळेत दुसरं काही होत नाही. पण सायकल मिळाली म्हणजे चालवता येते असं नाही. डोंगरातल्या पाड्यावर सपाट जागाच नसते, मुली शिकणार कुठे? मग शाळेच्या मैदानावर मोठ्या मुली लहान मुलींच्या मागे कॅरियर धरून पळतात, आणि सोडल्याचं सांगत नाहीत. दोनच दिवसांत मैदान रिकामं होतं, कारण सगळ्या रस्त्यावर.

अडचण पंक्चरची. जवळचं दुकान बाजाराच्या गावात. म्हणून आम्ही शाळेतच एक पेटी ठेवलीये: टायर काढायच्या पट्ट्या, सोल्युशन, कानस, जुनी ट्यूब कापून केलेले तुकडे, आणि एक घमेलं पाण्याचं. नववीच्या मुली आता माझ्यापेक्षा चांगलं पंक्चर काढतात. एक जण तर ट्यूब नुसती गालाजवळ फिरवून भोक शोधते, पाण्यात बुडवतच नाही. गेल्या महिन्यात माझ्या मोटरसायकलचं पंक्चर तिनेच काढलं आणि पैसे मागितले. दिले.

ज्यांच्याकडे जुनी पण चालणारी साधनं पडून असतील, पाने, पंप वगैरे, त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

डबलसीट

मास्तर, व्यनि केलाय. पायाने मारायचा पंप आहे, वायसर नवं घालून देते.

लोखंडीबाणा

मास्तर, माझ्याकडून छर्ऱ्यांचे डबे आणि पान्यांचा सेट. पत्ता द्या.

कृष्णाकाठ

मंडळी, रविवार सायकलीत गेला. अहवाल देतो.

चेनकव्हरचे स्क्रू निघत नव्हते, रात्रभर डिझेल लावून ठेवलं तेव्हा हलले. आत चेनला ग्रीस आणि मातीचा असा गिलावा होता की चक्र दिसेना. रॉकेल आणि जुना टूथब्रश. घासता घासता आधी एक डोकं निघालं, मग हात, मग पाय. माणसं! चक्रभर हातात हात धरलेली माणसं. आत्याला व्हिडिओ कॉल करून दाखवलं. ती म्हणाली, "मी हिंदच म्हणणार." ठीक आहे.

हबवर एडब्ल्यू आणि ५७ असे आकडे आहेत, पुढचा आकडा खाल्ला गेलाय. शिवाय 'मेड इन इंग्लंड'. आजोबांना नोकरी लागली तेव्हाचीच असणार.

आणि हो, छर्रे, रेघ निघाली. मागच्या मडगार्डवर, बोटभर लांबीची, सोनेरी. कोटिंगवाल्याला नाही म्हणून कळवलंय. तो म्हणाला, "मग निदान स्टँड तरी रंगवू द्या." स्टँड दिला त्याला.

आता अडचण. पेडलचा दांडा आसावरून निघत नाही. कॉटर (दांडा आसावर घट्ट धरणारी पाचर) हातोडीने ठोकली तर टोक फुलायला लागलं, म्हणून थांबलो. आणि गिअरचं काय करू? साखळी ओढून बघितली, चाक फिरतं, पण मधेच पेडल मोकळं फिरतं.

छर्रे_आणि_ग्रीस

थांबलात ते उत्तम केलंत. कॉटरला हळू हळू ठोकत बसलं की टोकच पसरतं. नट पूर्ण काढू नका, कॉटरच्या टोकाच्या पातळीला येईल एवढाच सैल करा, म्हणजे घाव आट्यांवर न पडता नटवर पडेल. दांड्याच्या खाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा करा, खाली फरशी नको, लाकडाचा ओंडका. पाइपचं वरचं तोंड दांड्याला टेकलं पाहिजे आणि कॉटरचं डोकं पाइपच्या पोकळीत उतरायला मोकळं. मग एकच घाव, जोरात. आधार नसला तर सगळा मार आतल्या छर्ऱ्यांवर जातो. नवी कॉटर घालताना तिची सपाट बाजू कानशीने जुळवून घ्या, आणि डाव्या-उजव्या कॉटरी उलट सुलट दिशेने घाला. दोन्ही एका दिशेने घातल्या तर पेडलं एका रेषेत येत नाहीत, चालवताना लंगडल्यासारखं होतं.

पेडलच्या आसाचे छर्रे ज्यात फिरतात ती आतली वाटी खराब असली तरी फेकू नका. रॅले घराण्याच्या वाट्यांना इंचाला २६ आटे असतात, बाकी सगळ्यांना २४. बाजारातली वाटी जबरदस्तीने पिळलीत तर फ्रेमचे आटे जातील.

गिअर बहुतेक बिघडलेला नाही. या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे एक रिकामी जागा असतेच, तार सैल असली की पेडल तिथे मोकळं सुटतं. आसाच्या नटला बाजूला खिडकी आहे. दुसरा गिअर टाकून खिडकीतून बघा. साखळी ज्या सळईला जोडलीये तिचा खांदा आसाच्या टोकाशी बरोबर जुळला पाहिजे. तेवढी तार ताणा. आत ग्रीस भरू नका, हबवर तेलाचं छोटं टोपण आहे त्यातून पातळ मशीन ऑइल सोडा. गिअरचा खटका मूळचा नसेल तर वस्त्रनगरीकडे जुना बाजार असेल, तिथे बघा.

घाटाचा_शिपाई

हब इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा म्हणून सायकल नॉटिंगहॅमचीच असं मात्र नाही. त्या काळात आसनसोलला सेन-रॅले या भारतीय कंपनीचा कारखानाही होता आणि हंबर तिथेही बनायची. फ्रेमचा नंबर टाका इथे.

कृष्णाकाठ

नंबर निम्मा वाचता येतोय. सीटखाली गंज जास्त आहे, फॉइल चालू आहे. काका आता म्हणताहेत, आसनसोलची निघाली तर आत्याचं पण थोडं बरोबर धरा, हिंदुस्थानातली तर आहे.

टायर कुठे मिळतील? २८ गुणिले दीड.

वस्त्रनगरी

अहो, तालुक्याच्या कुठल्याही दुकानात. लुधियानाचे येतात. दुधवाल्यांमुळे अजून खप आहे. दोन ट्यूबा आणि रिमच्या आतल्या पट्ट्या पण घ्या, नाहीतर आऱ्यांची टोकं ट्यूब खातील.

उत्रेख्तवासी

आणि माझ्यासाठी पण एक जोडी घेऊन ठेवा. इथले जुन्या इंग्लिश सायकलींचे वेडे हेच भारतीय टायर शोधत असतात. डिसेंबरात येतोय, बॅगेत घालून नेईन.

चेन_पडली

कस्टमवाल्यांना काय सांगणार? बेलीफचं समन्स?

कृष्णाकाठ

टायर आले, मागचा बसवला. पुढच्या रिमला आऊट फार आहे, फिरताना डगमगते, आणि स्पोकचे दोन निपल (ताण कमीजास्त करायचे नट) जाम. छर्रे, फोन करू का संध्याकाळी?

छर्रे_आणि_ग्रीस

सातनंतर करा. तोवर निपलला डिझेल लावून ठेवा, आणि पाना जबरदस्तीने फिरवू नका.